वही शिवण्याचा स्टॉल : अनुभव आणि माहिती

भीमजयंतीला मैदानात कोणकोणते स्टॉल लागतात, हे परभणीकरांना सांगण्याची गरज नाही. पुस्तकांचे, फोटो व मूर्तींचे, बिल्ले आणि निळ्या झेंड्यांचे, थंड पाण्याचे, भोजनदानाचे. गेली काही वर्षे या रांगेच्या एका टोकाला आमच्या संस्थेचा एक लहानसा स्टॉल असतो. तेथे काही विकत मिळत नाही आणि काही फुकट वाटलेही जात नाही. मुलगा किंवा मुलगी येऊन सतरंजीवर बसते, वीस मिनिटांत आपल्या हाताने एक वही शिवते आणि ती घेऊन घरी जाते. एवढाच उपक्रम. परंतु जिल्ह्यातील दोन-तीन गावांच्या जयंती मंडळांनी आमच्याकडे विचारणा केली, कॉलेजातील काही विद्यार्थ्यांनीही आपल्या वसतिगृहात असे करावे म्हणून माहिती मागितली. संपादक मंडळाने ती स्मरणिकेतच लिहून द्यावी असे सुचविले, म्हणून हा लेखनप्रपंच.

वहीच का, असे पहिल्यांदा ऐकणारा विचारतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करताना हार, फुले, मेणबत्त्या यांऐवजी 'एक वही, एक पेन' आणावा, असे आवाहन गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाले. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि गावोगाव १४ एप्रिलला त्याला प्रतिसादही चांगला मिळाला. आम्हीही वह्या गोळा केल्या आणि वाटल्या. वाटप म्हणजे काय, तर स्टेजवर नाव पुकारायचे, पाहुण्यांनी मुलाच्या हातात वही द्यायची, दोघांनी फोटोकडे बघायचे. त्या फोटोंचा अल्बम एकदा बैठकीत फिरत होता. पाहुणे सगळ्या फोटोंत समोर पाहत होते, आणि मुले बहुतेक सगळ्या फोटोंत खाली. आमच्यातील एका शिक्षिकाताईंच्या हे ध्यानात आले. त्या म्हणाल्या, "आपण लेकरांना घ्यायला शिकवतोय का काय?" वाटप बंद करावे असे कोणी म्हटले नाही, ते आजही चालू आहे व गरजूंना त्याचा उपयोग आहेच. पण निदान एक दिवस तरी मुलाने वही मिळवू नये, करावी, या विचारातून स्टॉल निघाला.

पहिल्या वर्षी आम्ही सपशेल फसलो, हे आधीच कबूल करतो. त्यातून जे शिकलो तेच या लेखाचे भांडवल आहे.

आम्ही दुपारी चारची वेळ ठेवली होती. परभणीचा एप्रिल वाचकांना ठाऊक आहे, पारा चाळीशीच्या वर असतो आणि चारला जमीन तव्यासारखी तापलेली असते. त्यात आम्ही वह्या डिंकाने चिकटवायच्या ठरविल्या होत्या. डिंक ब्रशवरच वाळू लागला. ज्या वह्या कशाबशा चिकटल्या त्या ओल्या असताना दगडाखाली ठेवल्या, तर वाऱ्याने धूळ आणून त्यांच्यावर लेप दिला. निम्मे कागद वाऱ्याबरोबर मैदानभर पळाले व त्यांच्यामागे कार्यकर्ते पळाले. कागद आम्ही एका टायपिंग क्लासमधून एका बाजूने वापरलेले आणले होते. बचत म्हणून. मुलांनी वही उघडली तर प्रत्येक पानामागे कोणाचा तरी अर्ज, नाव, पत्ता, फोन नंबर, टक्केवारी! एका मुलाने आपल्या शेजाऱ्याचे दहावीचे मार्क तेथेच मोठ्याने वाचून दाखविले. ते कागद आम्ही तेव्हाच काढून घेतले. पाठकोरा कागद वापरायचा तर प्रत्येक पान उलटून पाहिल्याशिवाय वापरू नये.

परंतु खरी चूक सुयांची. डिंक फसल्यावर ऐनवेळी आम्ही सुई-दोऱ्याकडे वळलो. पन्नास-साठ मुले एकदम बसलेली. वीस सुया वाटल्या, परत आल्या तेरा. मिरवणूक निघायची वेळ झालेली, त्याच मैदानातून बाया-माणसे, लेकरे जाणार, पुष्कळशी अनवाणी. आम्ही स्टॉलची जागा दोरी लावून बंद केली आणि टॉर्च व जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक घेऊन सात सुया शोधत बसलो. मिरवणूक पुढे गेली, ढोलताशे ऐकू येईनासे झाले, तरी आम्ही गुडघ्यावर. रात्री साडेदहापर्यंत सहा सापडल्या. सातवीसाठी तेवढ्या जागेची वरची माती खराट्याने झाडून पोत्यात भरून नेली. ती सुई आजतागायत मिळालेली नाही. त्या रात्री दोघे सभासद म्हणाले की हा प्रकार पुन्हा नको, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही तीन गोष्टी ठरविल्या आणि त्या आजवर मोडलेल्या नाहीत. डिंक नाही, फक्त शिवण. एका वेळी बारा मुले, तेरावे नाही. आणि सुया मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. बारा सुया साबणाच्या एका वडीत ओळीने टोचलेल्या असतात. साबण लागला की सुई कागदातून सुळकन जाते, हा एक फायदा. आणि वडीत एक जागा रिकामी दिसली की पुढची तुकडी बसत नाही, हा दुसरा. सुया सांभाळणाऱ्या माणसाला दुसरे कोणतेही काम द्यायचे नाही. पाहुणे आले, फोटो निघतोय, अध्यक्ष बोलावताहेत, तरी त्याने उठायचे नाही.

वेळही बदलली. सकाळी ध्वजारोहण व वंदना झाली की साडेसात ते साडेदहा. तीन तासांत वीस-वीस मिनिटांच्या नऊ तुकड्या होतात, म्हणजे १०८ मुले. सकाळचे ऊन पूर्वेकडून तिरपे आत येते, त्यामुळे डोक्यावर छत असून भागत नाही, पूर्वेच्या बाजूलाही कापड बांधावे लागते. मंडपवाल्याला हे आदल्या दिवशी सांगावे. सकाळी तो सापडत नाही.

आता प्रत्यक्ष वही. ए-फोर आकाराचे आठ कागद घेऊन एकत्र मध्ये घडी घालावी. सोळा पाने, म्हणजे ३२ पृष्ठांची वही होते. पाचशे कागदांच्या दोन रीममध्ये बरोबर १२५ वह्या बसतात. १०८ मुलांना पुरून बिघडणाऱ्यांसाठी थोड्या उरतात. वरून कार्डशीटचे वेष्टन. कार्डशीट कापण्यापूर्वी ती दोन्ही बाजूंनी हलकीशी वाकवून पाहावी. एका बाजूने ती सहज वाकते, दुसऱ्या बाजूने कुरकुर करते. सहज वाकते त्याच दिशेने घडी यावी, नाहीतर पाठीवर भेगा पडून रंग उडतो. दुकानदार हे सांगत नाही. (निळी कार्डशीट सर्वांत आधी संपते, ती जास्त आणावी. शेवटच्या तुकडीला पिवळी मिळाली की रुसवे होतात.)

एकदा आम्हाला वाटले की मुलांना रेघांची वही द्यावी. म्हणून रेघी फुलस्केप कागद आणले. घडी घातल्यावर रेघा सगळ्या उभ्या झाल्या! आडवा कागद मध्ये दुमडून वहीसारखा धरला की असे होणारच, हे आमच्यातल्या दोन पदवीधरांना व एका गणिताच्या मास्तरांना आदल्या रात्रीपर्यंत सुचले नव्हते. तेव्हापासून कोरा कागद. रेघा हव्या त्याने पट्टीने मारून घ्याव्यात.

घडीवर तीन भोके पाडायची असतात : एक मध्यभागी, दोन टोकांपासून दोन-दोन बोटे आत. ही भोके दाभणाने, आणि मोठ्या माणसानेच पाडावीत. मुलाच्या हातात दाभण देऊ नये. टेबलावर वही सपाट ठेवून टोचली तर भोक घडीवरून सरकते. त्यासाठी जुनी टेलिफोन डिरेक्टरी फार कामाची. ती मधोमध उघडून तिच्या खळग्यात वही उघडी ठेवायची आणि घडीत सरळ वरून दाभण घालायचे. पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर तीन खुणा करून ठेवल्या म्हणजे प्रत्येक वहीला मोजमाप करावे लागत नाही.

दोरा गोधडीचा, जाड व सुती. वहीची उंची साधारण एक वीत भरते, दोरा अडीच वीत घ्यावा. मुलाच्या नव्हे, मोठ्या माणसाच्या वितीने. वंदनेनंतर उरलेल्या मेणबत्तीच्या तुकड्यावरून तो दोनदा ओढून घेतला की गुंतत नाही. सुई वहीच्या आतल्या बाजूने मधल्या भोकातून बाहेर काढायची व शेपूट म्हणून चार बोटे दोरा आत सोडायचा. मग बाहेरून वरच्या भोकातून आत. आता आतल्या आत मधले भोक ओलांडून थेट खालच्या भोकाशी जायचे आणि तेथून बाहेर. शेवटी बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोऱ्याची दोन्ही टोके आत आली. वरपासून खालपर्यंत जो लांब टाका दिसतो, त्याच्या एका अंगाला एक टोक आणि दुसऱ्या अंगाला दुसरे यायला हवे. दोन्ही घडीच्या दिशेने ताणून त्या टाक्यावर गाठ मारायची, पुन्हा उलट बाजूने एक गाठ. दोरा वर उचलून ताणला तर कागद फाटतो. दोन्ही टोके टाक्याच्या एकाच अंगाला आली तर टाका गाठीत सापडत नाही व वही दोन दिवसांत सैल होते. सगळी गोम येथे आहे, आणि दहांपैकी आठ मुले येथेच चुकतात. चुकू द्यावे. सुई काढून, दोरा ओढून पुन्हा करायला दोन मिनिटे लागतात.

हे वाचताना अवघड वाटते, पाहताना नाही. पण जयंतीच्या मैदानात सांगून काही ऐकू जात नाही. एकीकडे भीमगीते, दुसरीकडे माईकवर हरवलेल्या मुलांची नावे. पहिल्या वर्षी बारावीचे विद्यार्थी घसा फोडून समजावत होते. आता आम्ही तोंडाने शिकवतच नाही. वर्तमानपत्राची एक मोठी घडी, तिला बोटभर भोके आणि त्यातून परकराचा लाल नाडा, अशी एक थोरली वही केली आहे. शिकवणारी व्यक्ती ती उंच धरून एक टाका घालते व थांबते. बारा मुले तोच टाका घालतात. मग दुसरा. एकही शब्द लागत नाही. डावखुरी मुले मात्र शिकवणाऱ्याच्या समोर बसवावीत, म्हणजे त्यांना आरशात पाहिल्यासारखे करता येते.

शिकवणारी माणसे कोण, हा प्रश्न आम्ही आधी चुकीचा सोडविला होता. कॉलेजातली मुले हुशार, म्हणून ती शिकवतील, असे धरून चाललो. हुशार ती आहेतच, पण सुई धरायची त्यांना सवय नव्हती आणि थांबण्याचीही नव्हती. मुलाचा टाका चुकला की त्याच्या हातातून वही घेऊन स्वतःच शिवून द्यायची. तसे केले की स्टॉल पुन्हा वाटपाचाच झाला. दुसऱ्या वर्षी महिला मंडळातील चार उपासिकांना विनंती केली. त्या म्हणाल्या, "आम्हाला लिहिता येईना, वाचता येईना, वहीचं आम्ही काय शिकवावं?" परंतु या बायांनी जन्मभर गोधड्या शिवलेल्या. आठ कागदांची घडी म्हणजे त्यांना काहीच नाही. त्यांनी टाके पाहिले, नाक मुरडले आणि लगेच एक सुधारणाही सुचविली : शिवण्याआधी घडीवर वाटीच्या काठाने दाब द्यावा, म्हणजे वही फुगत नाही. आम्ही आजही स्टीलच्या वाट्या नेतो. मुलांच्या हातातून वही न घेता, नुसते बोट दाखवून दुरुस्त कसे करून घ्यावे, हेही त्यांच्याकडूनच शिकावे.

त्यांतल्या एका आजींनी एका वर्षी शेवटच्या तुकडीत स्वतःसाठी वही शिवली. कशाला म्हणून विचारले तर म्हणाल्या, "नात लिहील की. कोणाचं किती देणं, कोणाचं किती घेणं."

यानंतर ज्या गोष्टीविषयी लिहायचे ती सोपी नाही. आमच्या संस्थेचे एक ज्येष्ठ सभासद, रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, यांनी या उपक्रमाला बैठकीत उघड विरोध केला. आम्ही सर्व त्यांना काका म्हणतो. त्यांचे वडील येथील मोंढ्यात ज्वारीची पोती शिवायचे. काका म्हणाले, "माझ्या बापानं जलमभर दाभण धरलं. मी ते धरू नये म्हणून त्यानं मला शाळेत घातलं. आता तुम्ही जयंतीच्या दिवशी, बाबासाहेबांच्या फोटोसमोर आमच्या लेकरांना शिवायला बसवता? दुसऱ्यांच्या लेकरांना कॉम्प्युटर आणि आपल्या लेकरांना सुई-दोरा?" बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

काकांचे म्हणणे भावनेचे म्हणून सोडून देता येत नाही. त्याला इतिहास आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या आणि न झालेल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले, की जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि तीही उतरंडीची, जन्माने ठरलेली. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, वर्धा येथे हस्तोद्योगावर आधारलेली शिक्षणयोजना मांडली गेली. ती मांडणाऱ्यांचा हेतू काहीही असो, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातकामाशिवाय दुसरे काही येऊच दिले गेले नाही, त्यांना शाळेतही हातकामच पुढे आलेले पाहून संशय वाटला तर नवल नाही. आजही 'कौशल्य विकास' म्हटले की कोणाच्या मुलांना कोणते कौशल्य सुचविले जाते, हे डोळे उघडे ठेवून पाहावे.

दुसऱ्या बाजूने शिक्षिकाताईंनी मांडले, की हातकामाने कमीपणा येत नाही, कमीपणा ते जन्माने लादल्याने येतो. उद्या याच मुलांतून कोणी शल्यविशारद झाला तर तोही टाकेच घालणार. आणि वही शिवणे हा आपल्याकडे कोणत्या एका जातीवर लादलेला धंदा नाही. येथे सुई संपते तिथे पेन सुरू होतो. या शेवटच्या मुद्द्यावर काका थोडे नरम आले, पण पटले असे म्हणाले नाहीत. आजही म्हणत नाहीत.

आमचे मत विचाराल तर दोघांचेही म्हणणे ठेवून स्टॉल चालवावा लागतो. काकांच्या आक्षेपामुळेच काही नियम आले. वह्या विकायच्या नाहीत व मुलांकडून दुसऱ्यांसाठी करून घ्यायच्या नाहीत. एका दुकानदाराने दोनशे वह्यांची मागणी केली होती, ती आम्ही नाकारली. 'आमची मुले किती छान हस्तकला करतात' असे म्हणून पाहुण्यांना प्रदर्शन दाखवायचे नाही. आणि वही शिवून झाली की सतरंजीवरून उठण्यापूर्वी मुलाने पेन घेऊन पहिल्या पानावर स्वतःचे नाव लिहायचे. पेन तेथेच ठेवलेले असतात. हा शेवटचा नियम काकांनीच घातला. बाकी सर्व नियम कधी ना कधी ढिले झाले असतील, हा झालेला नाही.

तिसऱ्या वर्षी काका स्टॉलवर आले व बाजूला खुर्ची टाकून बसले. भोके पाडणारा आमचा कार्यकर्ता दाभणावर जोर देऊन घाव घालावा तसे टोचत होता. काकांना ते पाहवले नाही. "टोचायचं नसतं रे त्याला, फिरवायचं असतं. तळहाताचा नेट दे. आणि मागं बोट ठेवू नको." असे म्हणून त्यांनी दाभण हातात घेतले, आणि साडेदहापर्यंत भोके तेच पाडत होते. वडिलांबरोबर सुट्टीत मोंढ्यात जात असत, असे नंतर कळले. विरोध मात्र पुढच्या बैठकीत जसाच्या तसा नोंदवला.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आपण सुत्तपिटक म्हणतो, त्यातल्या पालि 'सुत्त' या शब्दाचा एक अर्थ सूत, धागा असाच आहे. तथागतांची वचने कित्येक शतके मुखपाठाने चालत आली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत अलुविहार येथे ती ताडपत्रांवर लिहिली गेली, अशी तेथील परंपरा सांगते. ताडपत्राची पोथी म्हणजे लांबट पाने, त्यांना भोके आणि भोकांतून ओवलेली दोरी. दोरी तुटली की पानांचा क्रम गेला, आणि क्रम गेला की अर्थ गेला. भिक्खूंचे चीवरसुद्धा तुकडे जोडून शिवलेले असते. मगधातल्या शेतांचे बांध पाहून त्या नमुन्यावर चीवर बेतण्यास तथागतांनी आनंदाला सांगितले, असे विनयपिटकात आले आहे. स्टॉलवर आम्ही हे सांगत बसत नाही, कारण तेथे ऐकू येत नाही हे वर आलेच आहे. पण आदल्या रविवारी विहारात मुलांना सांगतो, आणि ज्यांनी ऐकलेले असते ती मुले घडी घालताना पानांचा क्रम निमूटपणे तपासतात.

चौथ्या वर्षापासून एक गोष्ट आम्ही न ठरवता सुरू झाली. लोक घरची फाटकी पुस्तके घेऊन येऊ लागले. दीक्षाभूमीवरून, चैत्यभूमीवरून पोटाला चिमटा घेऊन आणलेली पुस्तके. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची पाने सुटलेली प्रत, १९७९ पासून शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या खंडांपैकी एखादा पाठ निखळलेला खंड. घरात चार जणांनी वाचला, शेजारी दिला, परत आला तो असा. एकाने विचारले, "वही शिवता, तर हे नाही का शिवता येणार?" जाड खंड शिवणे आमच्या आवाक्यातले नाही, ते बाइंडरचे काम आहे व तसे सांगून बाइंडरकडे पाठवावे. पातळ पुस्तिका मात्र वरच्याच तीन भोकांच्या पद्धतीने नीट होतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि अक्षरे त्याखाली डागाळतात. त्याऐवजी पातळ पारदर्शक कागदाची बारीक पट्टी मैद्याच्या खळीने लावावी. एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर ढवळत शिजवून गार करावी. एप्रिलच्या उकाड्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून त्याच दिवसापुरती करावी. जुने लोक कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुले वावरतात तेथे नको. हे काम आम्ही वहीच्या स्टॉलवर न करता बाजूच्या वेगळ्या टेबलावर करतो, आणि ते सावलीतच जमते.

गावात हा उपक्रम करणाऱ्यांना टेबल-मंडपाची अडचण वाटू नये. पार असेल तर पार, समाजमंदिराचा ओटा असेल तर ओटा. सतरंजीखाली ताडपत्री मात्र हवी, म्हणजे पडलेली सुई मातीत जात नाही आणि शेवटी ताडपत्री झटकून पाहता येते. कागदावर ठेवायला विटांचे तुकडे जुन्या कापडात गुंडाळून न्यावेत. उघडी वीट कागद लाल करते. सात वर्षांखालील मुलाबरोबर घरचे कोणीतरी बसलेले असावे. पाण्याचा हंडा कागदापासून लांब, पण आयोडीन व पट्टी हाताशी. पूर्णा येथील धम्म परिषदेसारख्या मोठ्या, थंडीतल्या मेळाव्यात वेळ सकाळची ठेवण्याची गरज नाही, पण गर्दी मोठी असल्यामुळे तेथे बाराऐवजी आठच मुले बसवावीत असे आम्हाला वाटते. "बहिणीसाठी एक द्या" असे मुले हटकून म्हणतात. वही देऊ नये, बहिणीला घेऊन ये म्हणावे. बहुतेक वेळा तो तिला घेऊन येतो, आणि मग तिला शिकवायला आमच्याऐवजी तोच बसतो.

साहित्याचा पत्र्याचा डबा विहाराच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवलेला आहे. त्यात दोन दाभणे, खुणांची पट्टी, सहा वाट्या, लाल नाड्याची थोरली वही व साबणाची वडी आहे. वडीत सुया मोजून बाराच आहेत. कोणत्याही गावच्या मंडळाला डबा हवा असल्यास चिटणीसांकडे नाव नोंदवून न्यावा आणि परत करताना वडी समोर उघडून दाखवावी. टेलिफोन डिरेक्टरी आमच्याकडे एकच उरली आहे, ती मिळणार नाही. कोणाच्या घरी माळ्यावर पडली असल्यास आम्हाला द्यावी.